दिनविशेष : २३ फेब्रुवारी
इटलीतील चिकान्या गावी १८५० साली जन्मून बालपणीच मातापित्यांसमवेत अमेरिकेतील सिनसिनाटीस आलेल्या ख्रिस्ती संन्यासिनी सिस्टर ब्लँडिना सेगाले यांचे, वयाची ९१ वर्षे पूर्ण करून, १९४१ साली आजच्या दिवशी देहावसान झाले. बिली द किड या दरोडेखोराशी त्यांची भेट झाल्याची कथाच लोक आवडीने सांगतात; वस्तुतः कोलोरॅडोतील त्रिनिदाद गावी असताना शाळेची नवी इमारत हवी, पण गाठीस दमडी नाही, असे पाहून अर्जविनंत्यांत कालहरण न करता त्या स्वतः पहार घेऊन जुन्या मातीच्या इमारतीचे छपर उकलू लागल्या व गावाने मजूर पुरविले, हा प्रसंग अधिक बोलका. १८९७ साली सिनसिनाटीस परतल्यावर, आपल्या सख्ख्या भगिनी सिस्टर जस्टिना यांच्यासह, त्यांनी इटालियन स्थलांतरितांसाठी सांता मारिया संस्था स्थापिली.