वाट्याचा वाद आणि वृत्तांताची घडण : बंगळूर जहागिरीच्या निमित्ताने

देशी भाषांतील गद्याचा उगम शोधताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः धर्मग्रंथ, टीका आणि चरित्रे यांकडे जाते. जमिनीचे हस्तांतरण, कर्ज, गहाण आणि वाटणी यांच्या कागदांकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणूनच पाहिले जाते. वाङ्मयविचारात त्यांना क्वचितच स्थान मिळते. ही विभागणी मराठीच्या बाबतीत फारशी टिकत नाही. सतराव्या शतकातील मराठी ऐतिहासिक गद्य हे मोठ्या अंशी हक्क सांगण्यासाठी सिद्ध झालेले गद्य आहे, आणि त्याची वृत्तांतरचना मिळकतीच्या वादात घडली आहे. भोसले घराण्याच्या बंगळूर जहागिरीचा वाद हे त्याचे एक बोलके उदाहरण होय.

बंगळुरात जमिनीच्या लेखांची परंपरा शहराहूनही जुनी आहे. आजच्या इंदिरानगराला लागून असलेल्या दोम्मलूर येथील चोक्कनाथस्वामी मंदिरात देवस्थानाला दिलेल्या दानांची नोंद करणारे तेराव्या शतकातील तमिळ शिलालेख आहेत. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेले शहर १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत आदिलशाहीकडे आले आणि शहाजीराजांचे ठाणे झाले. तमिळ शिलालेख व कन्नड शासने असलेल्या या भूमीवर फार्सी फर्मान आणि मोडीतील मराठी कागद यांची भर पडली. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा अनेक भाषांतील कवने सामावणारा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. या दरबाराची बहुभाषिकता त्यामुळे वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्याच दरबाराच्या मिळकतीचा इतिहास मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

जहागीर आणि वतन

वादाचे स्वरूप समजण्यासाठी दोन संज्ञांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. जहागीर ही चाकरीच्या मोबदल्यात दिलेली महसुलाची नेमणूक. ती दरबाराच्या मर्जीवर अवलंबून असे. वतन हा वंशपरंपरागत हक्क. तो विकता, गहाण ठेवता आणि वाटता येत असे. व्यवहारात मात्र दीर्घकाळ एका घराकडे राहिलेली जहागीर वतनासारखी मानली जाऊ लागे. बंगळूरचा वाद या संदिग्धतेतूनच जन्मला. १६४८ मध्ये शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झाली. त्यांच्या सुटकेसाठी कोंढाण्याबरोबर बंगळूरही सोडावे लागल्याचे वृत्त मिळते. म्हणजे ही मिळकत एकदा ओलीस ठरून चुकली होती. मिळकतीचा मूळ दाता दरबार आहे, याची आठवण त्या प्रसंगाने पुरेशी करून दिली.

वतनाच्या वादांचा निवाडा गोतसभेत किंवा देशक व हुद्देदार यांच्या मजलसीत होई आणि त्याचा लेख म्हणजे महजर. वादी व प्रतिवादी आपापली तकरीर देत. हक्काचा पूर्वेतिहास सांगणारा करीना मांडत. साक्षी-पुराव्याने निर्णय न झाल्यास दिव्याचा अवलंब केला जाई. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई. हरलेल्याने यजितखत लिहून द्यावयाचे असे. या रकमा जड असत. त्या भागविण्यासाठी कर्ज काढावे लागे, कर्जापोटी वतनाचा हिस्सा गहाण पडे किंवा विकला जाई, आणि त्या विक्रीतून पुढील पिढीचा नवा वाद निर्माण होई. निवाड्याने वाद संपत नसे. अनेकदा तो केवळ दुसऱ्याच्या हाती जाई. या साखळीमुळेच घराण्यांना आपला इतिहास जपून ठेवणे भाग पडले. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात मराठा न्यायपद्धतीची ही यंत्रणा तपशिलाने मांडली. पुढे सुमित गुहा यांनी २००४ मध्ये महजर आणि बखर यांतील नात्याकडे लक्ष वेधले.

करीन्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यात मूळपुरुष येतो, वतन मिळाल्याचा प्रसंग येतो, दायादांशी झालेले तंटे व खून येतात आणि शेवटी वर्तमान हक्कदार उभा राहतो. जेधे घराण्याचा करीना याच घडणीचा आहे. भावकीतील वैर आणि रक्तपात सांगता सांगता तो शहाजीराजांबरोबर कान्होजी जेधे यांना झालेल्या कैदेपर्यंत व त्यांच्या शिवाजीमहाराजांकडे येण्यापर्यंत पोहोचतो. देशमुखीचा पुरावा म्हणून सांगितलेली हकिगत अशा रीतीने राज्याच्या इतिहासाला जाऊन मिळते.

बंधूंचा वाद

शहाजीराजे १६६४ मध्ये होदिगेरे येथे निवर्तले. कर्नाटकातील जहागीर धाकटे पुत्र व्यंकोजी, अर्थात एकोजी, यांच्याकडे राहिली आणि १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी तंजावरही हस्तगत केले. घराण्याचे जुने कारभारी रघुनाथ नारायण हणमंते त्यांची चाकरी सोडून शिवाजीमहाराजांकडे आले. १६७७ च्या कर्नाटक स्वारीत कोळिडम नदीकाठी तिरुमलवाडी येथे बंधूंची भेट झाली. महाराजांनी पैतृक मिळकतीचा वाटा मागितला. व्यंकोजी रात्रीच नदी उतरून तंजावरास निघून गेले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात वालिकोंडपुरम येथे दोन्ही पक्षांच्या फौजा भिडल्या.

यानंतर महाराजांनी व्यंकोजींना लिहिलेले पत्र उपलब्ध प्रतीत वाचले असता त्याची घडण करीन्याशी किती जुळते हे दिसून येते. वडिलांच्या निधनापासून लोटलेली तेरा वर्षे, त्या काळात एकट्याने घेतलेला उपभोग, निम्म्या वाट्याची मागणी, समेटासाठी पाठविलेली माणसे, त्यांना मिळालेला नकार, त्यातून ओढवलेले युद्ध आणि मग तडजोडीचा प्रस्ताव, असा त्याचा क्रम आहे. कौरव-पांडवांच्या गृहकलहाचा दाखलाही त्यात येतो. राजाने मांडलिकाला दिलेली ही आज्ञा वाटत नाही. भावाने भावासमोर मांडलेली तकरीर वाटते. फरक इतकाच की हा कागद ऐकणारी गोतसभा कोठेच नाही.

१६७४ मध्ये राज्याभिषेक झालेला छत्रपती तीन वर्षांनी वारस म्हणून निम्मा वाटा मागतो, ही वरवर विसंगती भासते. स्वतंत्र राजाला विजयाच्या बळावर प्रदेश घेता आला असता, आणि प्रत्यक्षात काही ठाणी तशी घेतलीही गेली. तरीही मागणीची भाषा दायविभागाचीच राहिली. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली तेव्हापासून या प्रदेशात पित्याच्या मिळकतीवरील पुत्रांच्या समान हक्काचे शास्त्र परिचित होते. व्यंकोजींची स्थिती मात्र दरबाराच्या चाकरीवर आधारलेली होती, आणि चाकरीची नेमणूक दायात येत नाही. म्हणजे एकाच मिळकतीसंबंधी चाकरी, दाय आणि राजपद अशा तीन अधिकारभाषा समोरासमोर आल्या. त्यांपैकी कोणती निर्णायक मानावी हे सांगणारी, दोघांनाही मान्य अशी तिसरी सत्ता नव्हती. वादाचे खरे मर्म येथे आहे.

‘सभासद बखरी’तील प्रसंगरचना या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. कृष्णाजी अनंत सभासद याने ती १६९० च्या दशकात, राजाराममहाराजांच्या काळी जिंजी येथे लिहिली. म्हणजे वादग्रस्त प्रदेशाच्या परिसरातच. बखरीत मागणीचा भर वडिलार्जित बिरुदांवर आहे. महसुलाच्या आकड्याहून वारशाची खूण मोठी ठरते, आणि लोभाचा आक्षेप आपोआप गळून पडतो. पत्रात जो वाट्याचा हिशेब होता तो बखरीत प्रतिष्ठेचा प्रश्न झाला आहे. कागदाचे वाङ्मयात होणारे रूपांतर येथे स्पष्ट दिसते.

चोळीबांगडी आणि तीन लाख

तडजोडीचे एक रूप ‘शिवदिग्विजय’ या उत्तरकालीन बखरीतील एकोणीस कलमांत सापडते. त्यात बंगळूर आणि आसपासचे परगणे व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिल्याचे म्हटले आहे. या मजकुराच्या अस्सलपणाविषयी सावध राहणे आवश्यक असले, तरी त्यामागील कल्पना अर्थपूर्ण आहे. बंधूंमध्ये न सुटणारी मिळकत स्त्रीधनाच्या कोटीत घातली की दोघांचाही मान राहतो आणि कोणाचाही पराभव लिहावा लागत नाही. यजितखत टाळण्याची ही एक रीत म्हणता येईल.

बंगळूरचा शेवटचा व्यवहार मात्र रोखीचा झाला. मार्क विल्क्सने १८१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हकिगतीनुसार एकोजींनी दूरचे हे ठाणे म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाख रुपयांस विकण्याचे ठरविले. व्यवहार पुरा होण्याआधीच १६८७ च्या जुलैत मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि मग तेवढ्याच रकमेला ते म्हैसूरच्या स्वाधीन केले. प्रचलित कालगणनेप्रमाणे तंजावरच्या गादीवर १६८४ पासून एकोजींचे पुत्र शहाजी होते. त्यामुळे विक्रेता म्हणून एकोजींचे नाव जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. लक्षणीय गोष्ट अशी की ज्या मिळकतीसाठी दाय, बिरुद आणि स्त्रीधन यांची भाषा वापरली गेली, तिच्या शेवटच्या कथेत केवळ किंमत उरली.

तौलनिक निरीक्षणे

पंधराव्या शतकातील इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या पॅस्टन घराण्याची पत्रे अशाच मिळकतीच्या वादाभोवती जमा झाली. सर जॉन फास्टॉल्फ १४५९ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रावरून केस्टर किल्ल्याचा तंटा पेटला. १४६९ मध्ये नॉरफोकच्या ड्यूकने किल्ल्याला वेढा घातला आणि १४७६ मध्ये तो पॅस्टनांना परत मिळाला. पॅस्टनांच्या कुलीनतेवर आक्षेप आला तेव्हा त्यांनी नॉर्मन पूर्वजापर्यंत जाणारी वंशावळ पुढे केली आणि १४६६ मध्ये राजाकडून मान्यता मिळविली. हक्क सांगण्यासाठी पूर्वज आणि पूर्वज सांगण्यासाठी कथा, हा क्रम दोन्हीकडे समान आहे.

भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये राजाची न्यायालये आपले दप्तर स्वतः ठेवीत; पक्षकारांची पत्रे त्या बाहेर, खासगी गद्य म्हणून वाढली. मराठी मुलुखात गोतसभेचे स्थायी दप्तर नव्हते. महजराची प्रत जिंकणाऱ्याच्या घरी राहत असे, म्हणून घराणे हेच दप्तरखाना झाले आणि घराण्याची कथा हाच पुरावा झाला. परिणामी मराठीत खासगी पत्राऐवजी सभेपुढे वाचावयाचा वृत्तांत बळावला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटले आहे. राज्यशास्त्राने आपली प्रतिमा वाटणीच्या कायद्यातून घ्यावी, हे या परंपरेशी सुसंगतच होते.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. त्याआधी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि गादीच्या वारशाचा तंटाही नुकताच मिटला होता. भूमी हातची गेल्यावर वंशाचा वृत्तांत दगडावर आला. दोम्मलूरच्या शिलालेखांत दिलेली जमीन नोंदलेली आहे. तंजावरच्या शिलालेखात गेलेल्या जमिनीवरचा हक्क. बखरींची सत्यासत्यता तपासणे आवश्यक आहेच. परंतु हा मजकूर कोणत्या वाट्यासाठी आणि कोणत्या सभेपुढे सांगितला गेला, हा प्रश्न त्याआधी विचारल्याशिवाय त्या गद्याचे वाचन पुरे होत नाही.