रक्तदाब आणि श्वास

९ मार्च २०२० रोजी कर्नाटकातील कोरोनाचा पहिला रुग्ण बंगळूर शहरात सापडल्याचे जाहीर झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी कोल्हापुराहून माझ्या वडिलांचा दूरध्वनी आला. रक्तदाबासाठी गेली कित्येक वर्षे ते नेमाने घेत असलेली गोळी या साथीत घातक ठरते, असे त्यांनी कोठेसे ऐकले होते. "गोळी बंद करू का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी पडलो सरकारी नोकर आणि इतिहासाचा विद्यार्थी. मला उत्तर देता आले नाही. "डॉक्टरांना विचारल्यावाचून काही करू नका," एवढे मात्र मी बजावले. त्या प्रश्नामागील इतिहास पुढे मी वाचून काढला. तोच आज सांगणार आहे.

१८९८ साली बंगळुरात प्लेग शिरला. त्याच वर्षी दूर स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टायगरस्टेट आणि त्यांचे सहकारी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला आणि त्याचा रक्तदाब वाढल्याचे नोंदविले. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन हे नाव दिले. पुढे चाळीस वर्षे या शोधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मध्यंतरी १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. जूनमध्ये तो मुंबईत दिसला आणि पावसाळा सरता सरता त्याने देशभर भयंकर रूप धारण केले. हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. म्हैसूर संस्थानालाही त्याचा जबर तडाखा बसला. बंगळुरात स्वयंसेवकांनी घरोघर औषधे आणि पेज पोहोचविली. रोग्याचे ओठ निळे पडत, नाडी मंद होई. डॉक्टरांजवळ कापूर आणि डिजिटॅलिस यांसारखी हृदयाला उत्तेजन देणारी औषधे होती. परंतु फुप्फुस आणि रक्तदाब यांना जोडणारा धागा अद्याप कोणाच्याच हाती लागला नव्हता.

तो धागा १९४० च्या सुमारास दोन ठिकाणी एकाच वेळी सापडला. ब्वेनोस आयरेस येथे ब्राऊन-मेनेंदेझ आणि अमेरिकेत आयर्विन पेज यांच्या मंडळींना असे आढळले, की रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळीत नाही. रक्तातील एका प्रथिनापासून ते दुसरेच द्रव्य निर्माण करते आणि आवळण्याचे काम ते द्रव्य करते. दोघांनी त्याला दोन नावे दिली. अखेर १९५८ साली दोन्ही नावांचे अर्धे अर्धे तुकडे जोडून 'अँजिओटेन्सिन' हे नाव सिद्ध झाले. शास्त्रज्ञांचा तंटा इतक्या गोडीने मिटल्याची उदाहरणे थोडीच!

१९६७ साली जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट उघड झाली: या द्रव्याला अंतिम, प्रभावी रूप मिळते ते मुख्यतः फुप्फुसात. म्हणजे ज्या इंद्रियाने आपण श्वास घेतो, तेच रक्तदाबाचेही एक ठाणे आहे. ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या गरळात सर्जिओ फेरेरा यांना सापडलेल्या द्रव्याच्या मागाने जाऊन हे रूपांतर रोखणाऱ्या गोळ्या तयार झाल्या.

२००० साली अँजिओटेन्सिनचा जोर मोडणारे एक विकर सापडले. त्याचे नाव एस-२. सार्सचा विषाणू याच विकराला चिकटून पेशीत शिरतो, हे २००३ साली कळले. २०२० च्या विषाणूनेही तेच दार निवडले. गोळ्यांमुळे ही दारे वाढत असतील, तर? ही माझ्या वडिलांची भीती. उलट काही विद्वान म्हणत, की गोळ्यांनी फुप्फुसाचे रक्षणच होईल. दोन्ही तर्क सुसंगत होते, आणि दोन्हींच्या बाजूने पुरावा अपुरा होता.

निर्णय प्रत्यक्ष रुग्णांवरील कसोट्यांनीच व्हायचा होता. ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांपैकी काहींची गोळी चालू ठेवली, काहींची थांबविली. दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. परंतु अत्यवस्थ रुग्णांना अशी औषधे नव्याने सुरू केल्यास काय होते, याचे उत्तर २०२३ साली निराळेच आले: औषध न मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे ७९ वाचले, तर मिळालेल्यांपैकी शेकडा ७० ते ७२. जे संप्रेरक एरवी वैरी वाटते, तेच कोसळत्या शरीराचा टेकू असावे, असे यावरून वाटते. याच संप्रेरकाचे इंजेक्शन रक्तदाब खचलेल्या रुग्णांना देऊन तो सावरता येतो, हे २०१७ च्या एका कसोटीत दिसले होतेच. मात्र त्याने मृत्यू निश्चितपणे टळतात, असे सिद्ध झाले नव्हते.

श्रोतेहो, यातून मला एक बोध झाला. शरीरातील कोणतेही द्रव्य स्वभावतः साधू नसते की चोर नसते. निरोगी माणसाच्या नित्याच्या औषधाला एक न्याय आणि अत्यवस्थ माणसाच्या उपचाराला दुसरा. त्यांतला फरक तर्काने नव्हे, प्रमाणाने कळतो.

वडिलांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी चालू ठेवली. आजही सकाळच्या चहाआधी ते ती घेतात, आणि मी घरी असलो की पाण्याचा पेला माझ्याच हातून मागून घेतात.