गोंदूरची धांवपट्टी

अमेरिकेंत १९५० सालीं कॅलिफोर्नियांतील सांता आना येथें विमानांच्या धांवपट्टीवर मोटारींच्या सरळ शर्यती सुरू झाल्या. अंतर अवघें पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर. आणि यंत्रें बहुतेक घरीं जोडलेलीं, जुन्या मोटारींतून निरुपयोगी वजन काढून हलकीं केलेलीं. या घरगुती कारागिरीचें आमच्या खानदेशाशीं नातें जोडावयाचें तर धुळ्याजवळील गोंदूरच्या धांवपट्टीवर यावें लागतें.

कॅप्टन अमोल यादव या वैमानिकानें मुंबईंत कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. २०१६ सालीं प्रदर्शनासाठीं तें गच्चीवरून खालीं उतरवावें लागलें. २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंदणी झाली. आणि २०२० सालीं गोंदूर येथें त्याचें चांचणी-उड्डाण झालें. लोकांच्या डोक्यावरून जाणारें यंत्र कसून तपासलेंच पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. तरीहि प्रदर्शन ते उड्डाण हीं चार वर्षें एकट्या माणसास फार जड असतात.

शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविलें, ही कथा आमच्याकडे मोठ्या प्रेमानें सांगतात. तिला भक्कम समकालीन पुरावा नाहीं. अस्सल कागदांचा आग्रह धरणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यांतच वारले, हें येथें सहज आठवतें. गोंदूरच्या उड्डाणाची नोंद आहे, चित्रेंहि आहेत. जळगांव तेथून शंभर किलोमीटरच्या आंत. पण तेथील किती विद्यार्थ्यांस हें ठाऊक असेल?