विंगेतली जागा

डोळे उघडा, पण पाय ताणू नका. डोक्याशी कुणाचे तरी पाय आहेत आणि पायाशी कुणाचं तरी डोकं. मधल्या वीतभर जागेत तुम्ही. वय बारा. केस खांद्याच्या खाली आलेले, तेलाने चपचपीत. कापायचे नाहीत अशी सक्त ताकीद आहे. चटई घामाने पाठीला चिकटली आहे, आणि खिडकीतून येणाऱ्या झळांबरोबर पेठेतल्या हळदीचा उग्र वास नाकात शिरतो. साल 1917, महिना वैशाख, गाव सांगली. तुम्ही एका संगीत नाटक कंपनीतलं पोर आहात.

इथे तुम्हाला 'तुम्ही' म्हणणारा मी एकटाच. बाकी सगळे 'अरे', 'पोरा', आणि पाणी आणायला उशीर झाला तर 'गाढवा'. सवय करून घ्या.

कंपनीचं नाव विचारू नका, सांगून तुम्हाला माहीत असायचं नाही. गंधर्व मंडळींची श्रीमंती इथे नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांकडून पडदे रंगवून घ्यायला परवडतं त्या कंपन्या वेगळ्या. आपल्याकडे एक राजवाडा, एक जंगल आणि एक रस्ता. राजवाड्याला डाव्या कोपऱ्यात ठिगळ आहे, म्हणून राजा नेहमी डावीकडे उभा राहतो. पण गाव सांगली असल्यामुळे मालक जरा धास्तावलेले आहेत. याच गावात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी राजेसाहेबांपुढे 'सीतास्वयंवर' उभं केलं, हे इथला पानवालासुद्धा सांगतो आणि त्या भांडवलावर फुकट पास मागतो.

उठा. पंगत बसली. मालक आणि राजापार्टी नट वरच्या अंगाला, पोरं दाराशी. वर तुपाची वाटी फिरते, दाराशी तिचा वास पोचतो. आमटी तिखट आणि भात गरम आहे, तक्रारीला जागा नाही. घरी हेही रोज नव्हतं, म्हणून तर वडिलांनी तुम्हाला मालकांच्या हवाली केलं. पोराचा आवाज गोड आहे एवढंच ते म्हणाले होते. त्या गोड आवाजाला अजून दोनतीन वर्षं आहेत. मग तो फुटेल, आणि फुटल्यावर काय उरेल ते कुणालाच सांगता येत नाही. रात्री पोरं कुजबुजतात ती बहुतेक याच विषयावर. केशवराव भोसले पोरवयात शारदा करून गाजले आणि विशीच्या आत 'ललितकलादर्श'चे मालक झाले, ही गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. आवाज फुटल्यावर जे मुकाट्याने घरी गेले, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

आज रात्री 'शारदा' आहे आणि तुम्हाला कालच नक्कल मिळाली आहे. शारदेच्या मैत्रिणींमधली एक. कागदाच्या चिठोऱ्यावर तुमची तीनच वाक्यं आहेत, आणि प्रत्येकाच्या वर समोरच्याच्या बोलण्याचं नुसतं शेपूट: दोन शब्द, मग टिंबं. ते शब्द कानावर पडले की तुम्ही तोंड उघडायचं. समोरची त्याआधी काय बोलली आणि का बोलली, याची कागदावर नोंद नाही. सगळं नाटक लिहून द्यायला एवढा कागद आणि एवढा वेळ कुणाकडे आहे?

मग नाटक कळणार कसं? तालमीत. पण तालमीत शिकवणं चालतं ते मोठ्यांचं. पोरांनी भिंतीच्या कडेला बसायचं, जांभई द्यायची नाही आणि पाणी भरून ठेवायचं. तालीममास्तरांनी उमेदीच्या काळात गोविंद बल्लाळ देवलांच्या तालमी पाहिल्या आहेत. 'शारदा' त्यांचीच, आणि त्यांचं हरिपूर इथून कोसभरावर. देवल गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून मास्तर नदीच्या त्या अंगाला बघून नमस्कार करतात आणि मगच कुणाला तरी शिव्या घालतात. वाक्याचा अर्थ ठाऊक नसताना ते म्हटलेलं त्यांना खपत नाही. मोठ्या नटाला ते एकच वाक्य अर्धा तास म्हणायला लावतात. तुम्हाला मात्र त्यांनी अजून एकही शब्द सांगितलेला नाही. काल फक्त बोट दाखवलं: ती विंग, तिथे उभा राहा.

चला तर, दिवे लागायची वेळ झाली.

थेटर म्हणजे पत्र्याची मोठी छपरी. दिवसभर तापलेला पत्रा आता वरून ऊन परत करतोय. रंगपटात श्वास घ्यायचा तो सफेदा, खोबरेल, अत्तर आणि मोठ्यांच्या घामासकट. कुणी हिंगूळ खलतोय, कुणी डिंक लावून मिशी दाबून धरून बसलाय आणि त्याच अवस्थेत उधारीवरून भांडतोय. शारदा करणारे नट कोपऱ्यात उघड्या अंगाने बिडी ओढतायत. तिशीला टेकलेला गडी, दाढी नुकतीच घोटलेली, मांडीवर थाप मारून हसणारा. त्यांना ज्येष्ठमधाची काडी आणि कोमट पाणी नेऊन देणं हे तुमचं काम. द्या आणि बाजूला व्हा, पण नजर हलवू नका. शिंपी त्यांना लुगडं नेसवतो. निऱ्या खोचल्या जातात, पदर खांद्यावर येतो. चेहरा अजून तोच, रंग अर्धवट, बिडी अजून ओठात. तरी काहीतरी बदललं. काय?

आत्ता उत्तर सापडणार नाही. घंटा झाली.

धूप फिरला, नारळ फुटला, नांदीला सगळे उभे. पेटीचा सूर लागला आणि तबल्यावर थाप पडली. तुम्ही विंगेत आहात: एका बाजूला कापडाची चौकट, तिच्या खळीचा आंबूस वास, दुसऱ्या बाजूला प्रॉम्प्टर, मांडीवर पुस्तक, हातात कंदील. किटसनच्या बत्त्या फुसफुसतायत आणि त्यांच्याभोवती पाखरांचं मोहोळ उठलंय. त्यातलं एक तुमच्या चोळीत शिरतं. हलायचं नाही. समोर काळोखात सोडावॉटरच्या बाटल्यांच्या गोट्या ठकठक वाजतात, वर बायकांच्या सज्जात पोर रडतं, मागून कुणीतरी त्या पोराच्या आईला नाट्यशास्त्र शिकवतो. पहिलं पद संपतं न संपतं तोच 'वन्समोअर'चा धडाका. पुन्हा पद. पुन्हा 'वन्समोअर'. नाटक पुढे सरकत नाही आणि कुणालाच त्याची घाई नाही. पहाट व्हायला वेळ आहे.

तुमची तीन वाक्यं पहिल्याच अंकात झाली. समोरच्या मैत्रिणीचे ते दोन शब्द ऐकू आले, तुम्ही खाड्‌कन बोललात, परत विंगेत आलात. कुणी हसलं नाही, कुणी वाखाणलं नाही. आता रिकामेच आहात, तर बघा.

शारदेला आपलं लग्न कुणाशी ठरतंय ते कळतं, त्या जागेकडे बघा. पहिल्यांदा तुम्हाला डोळ्यांतलं पाणी दिसेल. सगळ्या थेटराला तेच दिसतं. पुढच्या खेळाला पुन्हा इथेच उभे राहा: पाणी नंतर येतं, आधी मान खाली जाते. त्याच्या पुढच्या खेळाला मानेकडेही बघू नका, हातांकडे बघा. समोरची बोलत असते तेव्हा या नटाची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत असतात. मधेच, तिचं वाक्य अजून पुरं व्हायचं असताना, बोटं थांबतात. चेहऱ्यावर अजून काही नाही. मग मान, मग डोळे. लोक डोळ्यांना टाळ्या देतात. पण थेटर गप्प होतं ते बोटं थांबली तेव्हाच. पुढच्या रांगेतल्या माणसाचा विडा चघळणारा जबडासुद्धा तिथेच थबकतो. आपला का थबकला ते त्याला कधी कळणार नाही.

खेळ संपेपर्यंत तीन वाजून गेलेले असतात. लोक पदं गुणगुणत घरी जातात, तुम्ही लुगड्यांच्या घड्या घालता. मग ट्रंकांच्या मधे आडवे व्हा. झोप येणार नाही, कान अजून वाजतायत. खरं तर तुमची शाळा आत्ता भरते. काळोखात सगळा प्रवेश पुन्हा मांडा: कोण कुठे होतं, बोटं कोणत्या शब्दावर थांबली. हळूहळू एक गोष्ट टोचायला लागते. त्या नटाकडेही तुमच्यासारखीच नक्कल होती, टिंबं आणि शेपूट. पण तो शेपटाची वाट बघत नाही. शेकडो वेळा ऐकलेलं बोलणं तो दर खेळाला पहिल्यापासून ऐकतो. आणि तुम्ही? तुम्ही ते दोन शब्द येईपर्यंत दबा धरून उभे होतात, मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तसे. लाजायला हरकत नाही, काळोख आहे.

पहाटे पेटीमास्तर पायाने ढोसून उठवतात. खर्ज. रात्री कितीही वाजलेले असोत, खर्ज चुकत नाही. डोळे मिटलेले चालतात, सूर मिटलेला चालत नाही. मग मोठ्यांच्या धोतरांचं बोचकं डोक्यावर घ्या आणि कृष्णेच्या घाटावर चला.

पायऱ्या अजून गार आहेत. पाणी उन्हाळ्याने आत सरकलंय, गाळाचा आणि शेवाळाचा वास येतो. गणपतीच्या देवळातली घंटा वाजते. पलीकडे बायका धुणं बडवतायत. आता जपून. लांब केसांचं, नाटकवाल्यांचं पोर बायकांकडे टक लावून बसलेलं दिसलं तर गावकरी टाळ्या देणार नाहीत, पाठीत घालतील. धोतर आपटत राहा आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघा. घागर कमरेवर घेताना ती पोरगी आधी पाऊल फिरवते, मग कंबर. घागर नंतर येते. आणि हेच तर रंगपटात बदललं होतं! लुगडं नेसता नेसता त्या बिडीवाल्या गड्याने अंगाचा भार एका पायावर टाकला होता. बाकी काही केलं नव्हतं.

आणखी बघा. दोघीजणी बोलतायत. एक सांगतेय, दुसरी पिळतेय. बातमी कसली ते पाण्याच्या आवाजात कळत नाही, पण चांगली नसावी, कारण पिळणारीचे हात थांबले. तिने वर पाहिलंही नाही. हात थांबले, कापडातून पाणी गळत राहिलं, मग तिने काहीतरी विचारलं.

तुम्हाला ओरडावंसं वाटतं. ओरडू नका.

पुढच्या तालमीला पोरांची पाळी लावा म्हणून मालकांनी फर्मावलं आहे. मास्तर कंटाळलेले, पेटीवाला जांभया देतोय. शारदेच्या जागी आज दुसरंच पोर उभं आहे, कारण मोठे नट दुपारचे झोपतात. तुम्ही उभे राहा. हातात काही नाही, तर काल्पनिक परकराची कड चिमटीत धरा. समोरचं पोर भराभरा बोलतं, त्याला जेवायची घाई आहे. त्याचं प्रत्येक वाक्य ऐका. शेपटाची वाट बघू नका. ते लग्नाचं बोलायला लागलं तिथे बोटं थांबवा. तुमचं वाक्य मग जरासं उशिरा येतं.

पोरं फिदीफिदी हसतात. "विसरला, विसरला!" प्रॉम्प्टरने तर वाक्य सांगूनही टाकलं. मास्तर हात वर करतात. हसू बंद. ते तुमच्याकडे बघतात, मग त्या घाईतल्या पोराकडे.

"तू काय सांगत होतास तिला?"

"तीच नक्कल, मास्तर."

"तिने ऐकलं. तू सांगितलंच नाहीस. पुन्हा म्हण."

पुन्हा होतं. आणखी पुन्हा होतं. दर वेळी शिव्या त्या दुसऱ्या पोराला, तुम्हाला एक शब्द नाही. वाईट वाटून घेऊ नका. या धंद्यात कौतुक जपून वापरतात, एकदा पोर फुगलं की महिनाभर आवाज लागत नाही असा समज आहे. मला तो साफ खोटा वाटतो. मास्तरांनाही वाटत असावा, कारण पेटी बंद झाल्यावर ते शिंप्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटतात.

शिंपी म्हणजे कंपनीतला सगळ्यात कमी बोलणारा माणूस, तोंडात कायम टाचण्या. तो बोटाने खुणावतो. "इकडे ये रे. सरळ उभा राहा. पोट आत घेऊ नकोस, तेवढं चोळीत घालून घेईन." फीत खांद्यावरून फिरते, मग छातीभोवती, मग दंडाला. तो आकडा पुटपुटतो, वहीत लिहितो, आणि टाचण्यांच्या आडून विचारतो, "खरंच विसरला होतास का?"

"नाही."

"मग दंड सैल सोड. ताठ धरलास तर माप चुकतं माझं."