आजीची न्हाणी, साहेबांची हॅपी व्हॅली

सावेडीतून सकाळी गाडी काढायची, शेंडीला वांबोरी रस्ता धरायचा, पिंपळगाव माळवीचा तलाव मागे टाकायचा. अर्ध्या-पाऊण तासात डोंगरगण. गाव पठाराच्या काठावर आहे, आणि काठाखाली ती दरी. पावसाळ्यात धबधबे, हिरवे कडे, रामेश्वराचं देऊळ, जवळच मांजरसुंबा गड.

गेल्या श्रावणात ऑफिसातल्या तिघा मित्रांना पुण्याहून मुद्दाम घेऊन गेलो. 'आमच्या नगरची हॅपी व्हॅली' म्हणून मिरवलं. रील्स झाल्या, भजी झाली. घरी आल्यावर आजीला फोटो दाखवले. तिचं माहेर त्याच डोंगरपट्ट्यातलं. तिनं चष्मा वर केला. "ही तर सीतेची न्हाणी. हापी कशाची?"

म्हणून शोधायला बसलो. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला. पुढे इथं इंग्रजांची छावणी वसली. उन्हानं हैराण झालेल्या साहेबांना घोड्यावरून सकाळच्या सकाळी गाठता येईल अशी सावली हवी होती. ती दहा मैलांवर सापडली. १८८४ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये ही दरी 'हॅपी व्हॅली' म्हणूनच येते. मराठीत 'आनंददरी' म्हणतात.

मजा म्हणजे हे नाव काही खास आपल्यासाठी घडवलेलं नाही. मसुरीत हॅपी व्हॅली आहे, शिलाँगला आहे, दार्जिलिंगला त्या नावाचा चहाचा मळा आहे. हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीत रेसकोर्स आणि समोरच दफनभूमी! आपण कॉम्प्युटरवर 'न्यू फोल्डर' ठेवून देतो ना, तसं. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५९ च्या 'रासेलस' या पुस्तकातही हॅपी व्हॅली आहे. तिथल्या राजपुत्राला सगळी सुखं हात जोडून उभी असतात, आणि तो कंटाळून तिथून पळ काढतो.

गावाची गोष्ट वेगळी. राम वनवासात इथं आला, सीतेनं या झऱ्यात स्नान केलं, म्हणून न्हाणी. दोन्ही नावं पाण्यामुळेच पडली, पण साहेबाला त्या पाण्याशेजारी गारवा दिसला आणि गावाला देव दिसला.

पाणी दिसणं ही इथं साधी गोष्ट नाही. आपला जिल्हा अजब आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर्षात कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि नगर शहराला पाच-सहाशेच्या आसपास. असा पाऊस काळ्या पाषाणाच्या फटींतून झिरपतो, खाली सलग थर लागला की आडवा सरकतो आणि डोंगर जिथं कापला गेलाय तिथं बाहेर पडतो. दरीतला झरा म्हणजे एवढंच. निजामशाहीतल्या लोकांना ही गोष्ट पक्की ठाऊक असावी. शहर वसवल्यावर त्यांनी शेंडी, वडगाव, कापूरवाडीकडून खापरी नळांनी पाणी शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. आमच्या डिग्रीत हे कुणी शिकवलं नाही. मांजरसुंब्यावरही जा तर आधी पाण्याची टाकी बघा, सेल्फी नंतर.

हे सगळं आजीला उत्साहानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग बहात्तरच्या दुष्काळाचं काढलं. नवीन लग्न झालेलं. दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची, आणि माहेरी आली की पहाटे अंधारात बायकांबरोबर दरीत उतरायचं. डबक्यात वाटीनं पाणी भरायचं. एक हंडा भरायला किती वेळ लागायचा, ते तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "रांगेत झोप लागायची."

"मग दरी आवडायची का गं?"

"आवडायची की. पाणी होतं ना."

मग तिनं फोन परत हातात घेतला, फोटो पुढे-मागे सरकवले आणि विचारलं, "चैत्रातला नाही का एखादा? चैत्रात झरा चालतो का अजून?"

माझ्याकडे दोनशे फोटो आहेत. सगळे ऑगस्टमधले.

आता एप्रिलमध्ये तिला घेऊन जायचं ठरलंय. गुडघ्यांमुळे उतरणं जमायचं नाही, असं आई म्हणते. आजी म्हणते, वर देवळापाशी बसेन, तू खाली जाऊन बघून ये.