विद्युत् आणि विस्मृति

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. वार्धक्यांतील विस्मृति हा वयाचा धर्म आहे, त्यावर इलाज तो काय, असा तिचा भावार्थ. परंतु १९०१ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें वेड्यांच्या इस्पितळांत आलेल्या आउगुस्टे डेटर या बाईचें वय अवघें ५१ वर्षांचें होतें. तिला स्वतःचें नांवहि धड लिहितां येईना. मी मलाच हरवून बसलें आहें, अशा अर्थाचें ती बोले. १९०६ सालीं ती वारल्यावर डॉ. आलोइस अल्झायमर यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला, तेव्हां त्यांत साचलेला मळ व गुंतलेले तंतु आढळले. १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत या रोगास अल्झायमरचें नांव दिलें; आणि म्हातारपणींच्या स्मृतिभ्रंशाच्या मुळाशींहि बहुधा हाच विकार असतो, हें पुढें कळून आलें.

कवटी न उघडतां, बाहेरूनच मेंदूस विजेचें वा चुंबकाचें उत्तेजन देऊन हा रोग थोपवितां येईल काय, याचा शोध आज चालू आहे. मूळ कल्पना मात्र दिसते तितकी नवी नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस हा डोकेदुखीवर विजेचा धक्का देणारा जिवंत मासा कपाळीं धरावयास सांगे. १७९१ सालीं गॅल्व्हानी यानें बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याचा भाचा आल्डिनी यानें तर उदास रोग्यांच्या मस्तकांतून प्रवाह सोडून ते बरे झाल्याचें जाहीर केलें. आणि १८०३ सालीं लंडनमध्यें फांशी गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेतास तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. आतां हा उठून बसणार, असें कित्येक प्रेक्षकांस वाटलें. पण हालचाल म्हणजे चैतन्य नव्हे. या इतिहासाचें सारें मर्म, आमच्या मतें, एवढ्या एका वाक्यांत आहे.

१८३१ सालीं फॅराडे यानें दाखविलें कीं, बदलत्या चुंबकशक्तीनें वीज उत्पन्न होते. याच तत्त्वावर १९८५ सालीं शेफील्ड येथें बार्कर व त्यांचे सहकारी यांनीं डोक्यावर तारेचें वेटोळें धरून, त्वचेस फारशी वेदना न होतां, मेंदूंतून हाताचे स्नायु हालविले. १९३८ सालीं रोममध्यें सुरू झालेल्या विजेच्या झटक्यांशीं याची गल्लत करूं नये. तेथें आंकडी मुद्दाम आणीत, येथें ती टाळावयाची असते. २००८ सालीं अमेरिकेनें खिन्नतेच्या रोगावर हा उपचार करण्यास परवानगी दिली.

स्मृतिभ्रंशाची गोष्ट अधिक अवघड आहे. २०१६ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील ली-हुए त्साई यांच्या प्रयोगशाळेनें सांगितलें कीं, सेकंदास ४० वेळां लुकलुकणाऱ्या प्रकाशानें उंदरांच्या मेंदूंतील मळ कमी होतो. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या बुझाकी यांच्या प्रयोगशाळेस तसा परिणाम आढळला नाहीं. २०२२ सालीं रोममधील कोख व त्यांचे सहकारी यांनीं ५० रोग्यांवरील २४ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांस खरें चुंबकीय उत्तेजन दिलें, निम्म्यांस नुसता त्याचा देखावा. कोणास काय मिळत आहे हें रोग्यांस ठाऊक नव्हतें. खऱ्या उपचाराच्या रोग्यांची स्थिति बरीचशी टिकून राहिली. इतरांची खालावत गेली. गेलेली स्मृति परत आली, असें मात्र कोणीं म्हटलेलें नाहीं; आणि ५० ही संख्या लहानच आहे.

तेव्हां जाहिरातींतील यंत्र पाहून घर गहाण टाकूं पाहणाऱ्या मुलास आम्ही एवढेंच सांगूं कीं, बाबा, जबडा थरथरतांच मृत मनुष्य जिवंत झाला असें मानूं नकोस. आईच्या परीक्षेचे दोन गुण वाढले, म्हणजे आई परत आली असें नव्हे. पण निराशहि होऊं नकोस. आल्डिनीच्या काळीं तुलनेस दुसरा गट नव्हता, म्हणून आशा आणि सत्य यांची निवड करतां येत नव्हती. ती आज करतां येते, याचें श्रेय यंत्राइतकेंच त्या निम्म्या रोग्यांस आहे, जे स्वतःची स्मृति ओसरत असतां मुक्या वेटोळ्याखालीं आठवड्यामागून आठवडे येऊन बसले. त्यांच्या स्मरणांत हें राहिलें नसेल. आपल्या स्मरणांत तें राहावें.