गर्दनंतर एमडी

'गर्द' हा शब्द आमच्या पिढीच्या कानावर पडला तो १९८०च्या दशकात. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी आर्थिक पाठबळ दिलं, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचटांचं 'मुक्तांगण' सुरू झालं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' उभं केलं. दाभोलकर शाळेला साताऱ्यात, कॉलेजला सांगलीच्या विलिंग्डनमध्ये, डॉक्टर झाले मिरजेत. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचे!

आता नवं संकट आहे एमडी, म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत, द्राक्षांच्या मुलखात, त्याचा कारखानाच सापडला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्व्याला दुसरा.

गर्द सुटताना अंग मोडून येतं, नाक गळतं, उलट्या होतात. घरच्यांना ते दिसतं. एमडीचं तसं नाही. पोरगं आठवडाभर झोपतं, भरपूर जेवतं, चेहरा सुधारतो. आई म्हणते, सुटलं एकदाचं! खरा कठीण काळ त्यानंतर येतो. कशातच गोडी वाटत नाही, आणि तलफ महिनोन्‌महिने डोकं वर काढते. गर्दवर मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन अशी औषधं आहेत. एमडीवर तशी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही.

मग काय करतात? कोकेनच्या लाटेत, त्याच १९८०च्या दशकात, लॉस एंजेलिसला 'मॅट्रिक्स' पद्धत निघाली. रुग्ण घरीच राहतो, आठवड्यातून तीन-चारदा केंद्रात येतो, लघवीची तपासणी होते, घरच्यांचेही वर्ग होतात. हे सोळा आठवडे, आणि पुढेही गटात येत राहायचं. व्हर्माँटमध्ये स्टीफन हिगिन्स यांनी तपासणी स्वच्छ आली की वस्तूंसाठी कूपन दिलं; खाडा झाला की रक्कम पुन्हा पहिल्या पायरीवर. (आम्ही मास्तर लोक हजेरीला बक्षीस देतो, तसंच की!) त्याचा उपयोग चांगला होतो, पण कूपनं थांबली की हळूहळू ओसरतो.

२००१ मध्ये नोरा व्होल्कोव यांनी मेथचं व्यसन सोडलेल्यांच्या मेंदूची चित्रं काढली. वर्षभराहून अधिक काळ दूर राहिलेल्यांत डोपामिनची यंत्रणा बरीच भरून आली होती. स्मरणशक्ती आणि हालचाली मात्र त्या मानाने मागेच होत्या.

म्हणजे हिशेब वर्षांचा आहे. आणि जत किंवा आटपाडीहून आठवड्यातून तीनदा सांगली गाठायची तर प्रत्येक वेळी एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी जाते, बरोबर येणाऱ्या आईची वेगळीच.